नाना, एकदा गौरीचं ऐका

धुळे,
२८ जून

तीर्थरूप आई आणि नाना यांस शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर नाना "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. मग आपलं बोलणं पावसावर, कपाशीच्या लागवडीवर आणि मी जेवले की नाही यावर जातं. म्हणून लिहितेय. आई, तुला दिसावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. तरी वाचता आलं नाही तर दादाला वाचायला सांग, आणि वहिनीलाही जवळ बसव.

विषय गौरीचा आहे. नीटच्या दुसऱ्या खेपेलाही सरकारी कॉलेजला पुरतील एवढे गुण आले नाहीत. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी नाना दादाला म्हणाले, तिसऱ्यांदा बसव, नाहीतर खाजगीत घाल, विहिरीकडचं दीड एकर विकायला काढू. दादानं मला रात्री फोन केला. तो काही बोलत नव्हता, नुसता धरून बसला होता.

नाना, जमिनीचं काही ठरवायच्या आधी मे महिन्यात गौरीनं इथं काय पाहिलं ते तुम्ही ऐकावं, एवढंच मागणं आहे. तुम्हाला वाटलं, परीक्षा झाली म्हणून पोरगी आत्याकडे हवापालटाला गेलीय. धुळ्याच्या मे महिन्यात कसला हवापालट! ती रोज सकाळी पावणेआठला माझ्याबरोबर हॉस्पिटलला येत होती. पंधरा दिवस. उपचार करायला नव्हे, नुसतं बघायला.

असं बघायला मिळतं, फक्त मागावं लागतं. आम्ही रीतसर अर्ज केला आणि वरच्यांची लेखी परवानगी घेतली. रुग्णाचं नाव, आजार, काहीही बाहेर बोलणार नाही, अशा कागदावर गौरीनं सही केली. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं होतं, हिपॅटायटिस बी च्या लसीची नोंद दादानं शोधून पाठवली. केस घट्ट बांधायचे, पायात बंद बूट, मोबाइल माझ्या कपाटात. कोणाला हात लावायचा नाही, आणि खाटेजवळ जायच्या आधी रुग्णाला विचारायचं, "ही मुलगी शिकायला आलीय, थांबली तर चालेल का?" नको म्हणाले की बाहेर. एका बाईनं ड्रेसिंगच्या वेळी नको म्हटलं, तर गौरी पाऊण तास पॅसेजमध्ये उभी राहिली. तेही मला शिकण्यातच धरावंसं वाटतं.

यासाठी मी एवढा हट्ट का धरला, ते तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. मी अठराची असताना नाना, तुम्ही मला नर्सिंगच्या होस्टेलवर पत्र्याच्या ट्रंकेसह सोडून शेवटच्या एसटीनं परत गेलात. तोवर मी वॉर्ड कधी आतून पाहिला नव्हता. पहिल्याच आठवड्यात एका आजींची पाठीवरची जखम साफ करायला मोठ्या सिस्टरांबरोबर गेले. अंथरुणाला खिळून झालेली, हाडापर्यंत गेलेली. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले आणि दार लावून रडले. रात्री तुम्हाला पत्र लिहिलं की मला घेऊन जा. ते पत्र पेटीत टाकलं नाही, कारण फी कुठून आली होती ते मला माहीत होतं. माझ्या तुकडीतल्या चौघी त्या वर्षी सोडून गेल्या. त्यांच्यात काही कमी नव्हतं. त्यांना कोणी आधी दाखवलंच नव्हतं.

गौरीवर ती रात्र येऊ नये असं मला वाटत होतं.

पहिले दोन दिवस ती वॉर्डात माझ्यामागे होती. रात्रपाळीच्या सिस्टर खाटेखाटेपाशी उभ्या राहून पुढच्या पाळीला हँडओव्हर देतात, ते तिनं पाहिलं. कोणाचा ताप उतरला नाही, कोणाची लघवी किती झाली, कोणाचं सलाइन कधी संपणार. औषध देताना रुग्ण तोच का, औषध तेच का, मात्रा, मार्ग, वेळ, हे दरवेळी पडताळतो तेही पाहिलं. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "आत्या, तू त्यांना ओळखतेस, मग रोज नाव काय म्हणून का विचारतेस?" मी म्हटलं, ज्या दिवशी विचारणार नाही त्याच दिवशी चूक होईल.

मग लॅब. तिथं रक्ताचे बल्ब, म्हणजे रक्त घ्यायच्या छोट्या नळ्या, रंगीत टोपणांचे असतात. जांभळ्यात रक्त गोठत नाही, त्यातून पेशी मोजतात. निळा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला. गौरीनं घरी येऊन वहीत सगळे रंग काढले. पण चौथ्या दिवशी म्हणाली, "इथं नळ्या दिसतात, माणूस दिसत नाही." एक्स-रेमध्ये ती काचेआडून बघत होती, तिथंही फार रमली नाही. लॅबचा आणि एक्स-रेचा माणूस चुकला तर डॉक्टरही चुकतो, ते काम कमी नाही. तिचं मन तिथं लागलं नाही, एवढंच.

फिजिओथेरपीत पक्षाघात झालेले एक शिक्षक होते. अकराव्या दिवशी ते दोन समांतर दांड्यांना धरून एक पाऊल टाकू शकले. एकच. त्यांची बायको बाहेर जाऊन पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. ते पाऊल गौरीनं मला घरी चालून दाखवलं.

आणि डॉक्टर. नाना, तुमच्यासाठी हे मुद्दाम लिहिते. मेडिसिनच्या डॉक्टरांबरोबर ती तीन दिवस राउंडला होती. उष्माघाताचे रुग्ण येत होते, डॉक्टरांना बसायला वेळ नव्हता. एक नवे इंटर्न डॉक्टर बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी एका आजींना विचारलं, "श्वसनाचा त्रास कधीपासून आहे?" आजी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं, आजी पुन्हा गप्प. गौरीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ती वाकून म्हणाली, "माय, रातले झोप येस का?" आजी लगेच बोलल्या, "आडी पडनू का दम भरस. रातभर बसी ऱ्हास." आडवं झालं की दम लागतो, हे हृदयाच्या तक्रारीचं मोठं लक्षण आहे. डॉक्टरांचा पेन तिथंच चालायला लागला. आई, तू शाळेतल्या बाईंसमोर अहिराणी बोलू नको म्हणून आम्हाला दटावायचीस. ती अहिराणी इथं अशी कामाला येते.

त्या रात्री मी गौरीला विचारलं, "डॉक्टर व्हावंसं वाटतं का अजून?" तिनं बराच वेळ विचार केला. म्हणाली, "डॉक्टरांचं काम मला मोठं वाटलं आत्या, पण माझं वाटलं नाही. ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. मला थांबायचंय."

ती थांबली ती डायलिसिसमध्ये. ठरलेले दोन दिवस संपल्यावर तिनं आणखी तीन मागून घेतले.

तिथं काय असतं ते सांगते. किडनी बंद पडली की रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी शरीराबाहेर जात नाही. मग हातातली शीर धमनीला जोडून घेतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तिथं दोन सुया. एकीतून रक्त बाहेर येतं, मशीनच्या गाळणीतून फिरतं, दुसरीतून परत जातं. एका वेळेला चार तास, आठवड्यातून दोनदा-तीनदा, जन्मभर, नाहीतर नवी किडनी बसेपर्यंत. एका माणसाच्या चार तासांना सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. टँकरची वाट बघितलेल्या घरातली पोरगी ती, हा आकडा तिनं मला दोनदा विचारून घेतला.

तिथं येणाऱ्या एका आजोबांची केळीची बाग आहे. नाव-गाव लिहीत नाही, गौरीनं सही केलीय आणि मीही त्यात बांधलेली आहे. फिस्टुलावर बोट ठेवलं तर आत थरथर लागते. आजोबांनी हात पुढे केला, "लावून पाह्य." गौरीनं हात मागे बांधले, "आजोबा, मला परवानगी नाही. कसं लागतं ते तुम्हीच सांगा." ते म्हणाले, "मोटर चालू केली की पाइप थरथरतो ना, तसं." ते ती अजून विसरलेली नाही. आणि ज्या माणसानं उभा जन्म केळी पिकवली, त्याला आता केळं खायची बंदी. केळ्यात पोटॅशियम असतं, किडनी ते बाहेर टाकत नाही, ते रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं. बटाटासुद्धा चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून मगच. पाणी मोजून प्यायचं. मशीनवर घ्यायच्या आधी टेक्निशियन वजन करतो आणि वाढलेल्या किलोंवरून त्याला कळतं की घरी किती पाणी प्यायलं गेलं. तो रागावत नाही. "परवा लग्नात गेले होते ना?" एवढंच विचारतो. त्याला प्रत्येकाच्या घरचं लग्न माहीत असतं.

गौरीला तेच हवंय. डायलिसिस टेक्नॉलॉजीची पदवी करायची म्हणते. ते नाही जमलं तर बीएस्सी नर्सिंग, चार वर्षांचं. खरं सांगू? नर्सिंग म्हणाली तेव्हा माझ्या पोटात कालवलं. रात्रपाळ्या, पायांच्या सुजलेल्या शिरा, सण-वार नाही, कानबाईला गेल्या कित्येक वर्षांत मी नीट आलेले नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पाहिलंय मी."

पंधरा दिवसांत सगळं दिसत नाही हे मला कळतं. कोणी बघतंय म्हटलं की माणसं जरा चांगली वागतात. पण नवव्या दिवशी वॉर्डात एका खाटेवरचे बाबा गेले. पडदा ओढला. वॉर्डातल्या मावशींनी त्यांचे डोळे मिटले, चेहरा पुसला आणि मुलाला आत बोलवायच्या आधी अंगावरची चादर बदलली. मी गौरीला घरी जा म्हटलं. ती गेली नाही. मावशींना पाणी नेऊन दिलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पावणेआठला ती तयार होती.

कुठल्याही क्लासच्या पाटीवर जाऊ नका, "सहा महिन्यांत टेक्निशियन, नोकरीची हमी" असलं. या कामांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा कायदा झालाय, आता मान्यता तपासूनच जायचं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं कोणती, त्यांना हॉस्पिटल आहे का, ते मी स्वतः बघतेय. जमीन काढावी लागेल एवढा खर्च त्यात नाही.

आता एक मनातलं. नाना, तुम्ही गावात माझ्याबद्दल "लेक दवाखान्यात आहे" एवढंच सांगायचात. नर्स हा शब्द तुम्ही कधी उच्चारला नाही. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, नंतर मी समजून घेतलं; त्या काळी लोक काय बोलायचे ते मीही ऐकलंय. पण आता नातीच्या बाबतीत तसं होऊ नये. ती जे काही होईल, ते नाव पारावर तुमच्या तोंडून यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आणि हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. गौरीनं त्या टेक्निशियनला विचारलं होतं, किडनी कशानं जाते? तो म्हणाला, बहुतेकांची साखर आणि बीपीनं. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, नाना शेतातून येतात तेव्हा त्यांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ असतो. खूप वेळ जात नाही." नाना, मी दिवाळीत चार दिवस घरी होते. माझ्या लक्षात आलं नाही.

दादा, नानांच्या नडगीवर अंगठा पंधरा-वीस सेकंद दाबून धर. खड्डा राहतो का, म्हणजे पायात पाणी साठलंय का, ते मला आजच फोनवर सांग. घाबरायचं नाही, सूज उगाचही असते. पण साखर-बीपीच्या माणसाचं रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कशी चालते ते कळतं) आणि लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा तरी बघायची असतात, त्या तपासण्या नानांच्या दोन वर्षांत झालेल्या नाहीत. आई, गुडघ्यासाठी दुकानातून आणतेस त्या दुखण्याच्या गोळ्या नानांना अजिबात देऊ नकोस, आणि तूही मला विचारल्याशिवाय घेऊ नकोस. त्या किडनीला बाधतात. बीपीची आणि साखरेची गोळी मात्र चुकवायची नाही. लोणचं-पापड थोडे दिवस बंद.

रविवारी संध्याकाळी दोघंही इकडे या, दादा गाडीनं सोडेल. सोमवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे. मी ड्युटीवर असेन, गौरी तुमच्याजवळ बसेल. नाना, साखरेसाठी राखाडी टोपणाचा बल्ब घेतील. तो राखाडीच का, ते तिला विचारा.

तुमची,
सुनंदा