‘दंगल’मधल्या कोचवर उरकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वतः पटकथा लिहिणाऱ्या नटांवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. गिरीश कुलकर्णींना त्यात अर्धी ओळ मिळाली आहे, तीही ‘दंगलमधले कोच’ म्हणून. वाईट वाटलं, म्हणून लिहिते.

मी सिनेमातली जाणकार नाही. आरोग्यसेविका होते, ३१ वर्षं. त्यांनी लिहिलेला ‘देऊळ’ चित्रपट २०११च्या नोव्हेंबरात आला, तेव्हा आमचं उपकेंद्र एका घराच्या पडवीत भाड्यानं होतं. लसीचा डबा ठेवायला टेबल नव्हतं, खुर्चीवर ठेवायचा आणि आपण उभं राहायचं. समोर देवळाच्या सभामंडपाचा स्लॅब पडत होता. वर्गणीची पावती मीही फाडली होती, खोटं कशाला बोलू! पडद्यावर मंगरूळचा दवाखाना मागं पडतो आणि देऊळ उभं राहतं, तिथं थिएटर हसत होतं. मला हसू येईना. शेजारी यजमान मात्र पोट धरून हसत होते, आणि सभामंडपाच्या कमिटीत तेच होते. लिहिणाऱ्याची ही करामत म्हणायची. ज्याला टोचायचं त्यालाच तो आधी हसवतो.

त्या एकाच चित्रपटासाठी त्यांना अभिनयाचा आणि संवादांचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे लेखात यायला हवं होतं. त्यातही गंमत बघा. नट स्वतःच लिहायला बसला की टाळ्यांची वाक्यं आपल्याकडं ओढणार, असं आपण धरून चालतो. इथं शहाणपणाचं बोलणं दिलीप प्रभावळकरांच्या अण्णांना दिलंय, फर्डं राजकारण नाना पाटेकरांच्या भाऊंना. स्वतःकडं काय ठेवलं? तर करडी गाय हुडकत फिरणारा, दत्त दिसला म्हणून बोंबलत सुटणारा भाबडा केशा. त्याआधी ‘वळू’त (२००८) तसंच. कथा बैलाची, त्याला धरायला आलेला फॉरेस्टवाला अतुल कुलकर्णी, आणि हे त्याच्या मागंपुढं करणारे गावातले जीवन. असा जीवन प्रत्येक गावात असतो. लसीकरणाच्या दिवशी न बोलवता सर्वांत आधी हजर!

दुसऱ्याच्या लेखणीतही ते तेवढेच खरे वाटतात. ‘गाभ्रीचा पाऊस’मधला किसना सतीश मनवरांचा. नवरा जिवाचं बरंवाईट करील म्हणून बायको पोराला त्याच्या पाळतीवर ठेवते, असलं घर मी डोळ्यांनी पाहिलंय. ‘अग्ली’त मुलगी हरवलेल्या बापाला ते इन्स्पेक्टर म्हणून मोबाइलवर फोन करणाऱ्याचा फोटो कसा दिसतो, हे विचारत बसतात. ते बघताना खुर्चीतून उठून ओरडावंसं वाटलं.

सगळंच डोक्यावर घ्यावं असं नाही. ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’ लिहिला त्यांनी, दिग्दर्शनही त्यांचंच आणि बाळासाहेबही तेच. तिथं मला पसारा जास्त वाटला. कात्री लावणारा दुसरा कुणी हवा होता. ‘वळू’ आणि ‘देऊळ’ला उमेश कुलकर्णी दिग्दर्शक होते, तेव्हा तो असायचा, असा आपला माझा अंदाज.

पत्र छापलंत तर कृपया नाव देऊ नये. सभामंडपाची कमिटी अजून तीच आहे.

– एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. खटाव, जि. सातारा