पात्र-अपात्रचा शिक्का एकदा पुसून पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गरीब-श्रीमंत न बघता प्रत्येकाला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी का, निदान देशात त्याचा प्रयोग तरी करावा का, यावर आपल्या पानावर दोन्ही बाजूंची मतं वाचली. तिजोरीचा हिशेब सगळ्यांनी मांडला. निंदणाला जाणारी बाई मात्र कुणाच्याच लेखात दिसली नाही, म्हणून हे पत्र.

पश्चिम विदर्भातल्या एका कोरडवाहू गावात मी बचत गटाचं काम बघते. कर्जाचे हप्ते गोळा करण्याइतकाच वेळ बायांचे अर्ज भरण्यात जातो. या कामात सगळ्यात जास्त वेळा वाचलेला शब्द म्हणजे ‘अपात्र’.

किसान सन्मानचे केंद्राकडून वर्षाला 6,000 आणि राज्याकडून 6,000 येतात, ते सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. आमच्याकडे कितीतरी शेतं मक्त्याने केली जातात. मालक शहरात राहतो, पैसा त्याच्या खात्यात जातो. ज्याने कृषी केंद्रातून उधारीवर बियाणं-खत आणलं, ज्याची पऱ्हाटी 2017 साली बोंडअळीने पोखरली, त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. सालगड्याचं तर विचारूच नका. गुढीपाडव्याला साल ठरतं, तेव्हाच तो उचल घेतो, आणि ती फिटेपर्यंत दुसरा पाडवा येतो.

लाडकी बहीणचे 1,500 रुपये 21 ते 65 वयाच्या बाईला. आमच्या गटातली एक आजी वयाने त्यापुढे गेली आणि यादीतून गळाली. कंबर वाकली तरी ती अजून निंदायला जाते. तिने श्रावणबाळमध्ये अर्ज करायचा, तर घराचं वार्षिक उत्पन्न 21,000च्या आत असल्याचा दाखला हवा. म्हणजे सगळ्या घराचे मिळून दिवसाला साठ रुपयेसुद्धा नकोत! आयुष्यभर कुणाचा पैसा न बुडवलेल्या बाईला म्हातारपणी सरकारी कागदावर खोटं सांगायला लावायचं, याची मला मनापासून चीड येते. शिवाय दाखल्यासाठी दोन दिवस, ई-केवायसीसाठी एक दिवस, आणि त्या प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

याहून कठीण गोष्ट माझ्या नात्यातली आहे. शेतकरी आत्महत्येनंतर घराला एक लाखाची मदत देण्याचा शासन निर्णय 2006 सालचा. आमच्या घरचा माणूस गेला, तेव्हा त्याच्यावरचं कर्ज विनापरवाना सावकाराचं होतं. सावकार कागद देत नाही, हे गावात कुणालाही ठाऊक आहे. प्रकरण अपात्र ठरलं. त्याच्या बायकोला तो कागद मी वाचून दाखवला. तिने एवढंच विचारलं, “म्हणजे ते शेतकरी नव्हते का?” मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून मला या कल्पनेत पैशाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे कुणी कुणाची पात्रता तपासत नाही. गावात राहतो, एवढं पुरे.

लोक आळशी होतील, दारूत उडवतील, असं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या मध्य प्रदेशाकडे बघावं. 2011-12 मध्ये कष्टकरी बायांच्या ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या मदतीने तिथल्या आठ गावांत सगळ्यांना पैसे दिले. सुरुवातीला मोठ्या माणसाला महिन्याला 200 आणि मुलाला 100 रुपये, पुढे 300 आणि 150. दारूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. मुलांचं खाणं सुधारलं, आणि लोक दुसऱ्याच्या मजुरीऐवजी स्वतःच्या शेतात जास्त राबू लागले. लाडकी बहीणच्या पैशातून आमच्या गटात बकऱ्या आल्या, एक शिलाई मशीन आली, फायनान्सवाल्यांचे थकलेले हप्ते भरले गेले. दारूची बाटली मी तरी पाहिली नाही.

मजूर मिळणार नाहीत, ही शेतकऱ्यांची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. आमचे स्वतःचे दोन एकर आहेत, आणि वेचणीच्या दिवसांत बायांसाठी दारोदार फिरायचं काय असतं, हे मी भोगलं आहे. मजुरी वाढली आणि कापसाचा भाव आहे तिथेच राहिला, तर लहान शेतकरी मरेल. पण हे खरंच घडतं का, हे निवडक घरांना पैसे देऊन कळणार नाही. गावच्या गाव घ्यावं लागेल. फिनलंडने 2017-18 मध्ये 2,000 बेरोजगारांना महिन्याला 560 युरो दिले. त्यावरून आमच्या निंदणाच्या मजुरीबद्दल काय समजणार?

खर्चाचं म्हणाल, तर 2016-17च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत माणशी वर्षाला 7,620 रुपयांचा आकडा मांडला होता. देशभर तो पेलणं अवघड, हे मान्य. पण दोन हजार वस्तीच्या गावात माणशी महिना हजार रुपये धरले, तर वर्षाला 2 कोटी 40 लाख होतात. अशी दहा गावं, म्हणजे 24 कोटी. राज्याला हे जड नाही. ज्या महाराष्ट्राने 1972च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी केली आणि देशाला पुढे 2005 मध्ये त्याच वाटेवर आणलं, त्याने दहा गावांना घाबरू नये.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध राहील. हे पैसे देतो म्हणून रेशन बंद, निराधार बंद, असं होता कामा नये. बाजारात धान्याचा भाव चढला की हजार रुपये हजार राहत नाहीत, आणि रेशनचं धान्य किलोने मिळतं.

प्रयोग किमान तीन वर्षांचा हवा. एका वर्षी पाऊस दगा देतो, दुसऱ्या वर्षी भाव, हे चक्र त्यात यायला हवं. केनियात काही गावांना बारा वर्षांसाठी पैसे द्यायचं ठरवून प्रयोग सुरू झाला. आणि पहिला हप्ता मृगाच्या आधी, मे महिन्यातच खात्यात पडावा. जूनमध्ये पैसे आले तर उशीर होतो. तोवर बियाण्यासाठी मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं.

आपली,
बचत गटाची एक कार्यकर्ती
(पश्चिम विदर्भ)