भेगेची तारीख वाचायला शिकवलीत, भाई

आदरणीय इंजिनिअर भाई,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या घरांचे भूकंप-नुकसानीचे दावे तुमच्या देखरेखीखाली भरून झाले. आभार चारचौघांत मानतोय, कारण तुमची रीत गोव्यातल्या आणखी कुणाला उपयोगी पडेल.

3 सप्टेंबर 2016 ला पॉनी इथे 5.8 तीव्रतेचा धक्का बसला, त्या राज्यात नोंदलेला सर्वांत मोठा. तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी खोल विहिरींतून पुन्हा जमिनीत दाबलं जातं. खडकातल्या जुन्या भेगेत त्या पाण्याचा दाब वाढला की तिथली पकड सुटते आणि जमीन हादरते. धरणाच्या पाण्याशी जोडल्या जाणाऱ्या 1967 च्या कोयनेच्या भूकंपाशी तुम्ही हे जोडून दाखवलंत आणि तेल कंपन्यांवर सामूहिक खटले (सगळ्या नुकसानग्रस्तांच्या वतीने एकच खटला) का लागले, ते नीट उमगलं.

तुमचा सगळ्यात मोठा उपकार तारखेचा. आपण सवयीने 03/09/2016 लिहितो. अमेरिकेत ते 9 मार्च वाचलं जातं, म्हणजे नुकसान भूकंपाच्या आधीचं ठरतं आणि दावा अडतो. महिना अक्षरांत लिहा, हा तुमचा हट्ट बरोबर होता. त्याच राज्यातल्या कुशिंगच्या, त्याच वर्षीच्या धक्क्याचंही तसंच. तिथे 6 नोव्हेंबरची संध्याकाळ होती, आपल्याकडे 7 ची सकाळ उजाडली होती. फॉर्मवर तारीख तिथलीच हवी.

मग भेगा. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढणारी, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी, चिमणी घरापासून सुटल्याची भेग धरायची. प्लास्टर सुकताना पडलेल्या केसासारख्या रेषा सोडायच्या. तिथली चिकणमाती उन्हाळ्यात आकसते आणि पाया खचतो; समोरचे वकील नेमकं तेच कारण पुढे करतात. म्हणून भेगेच्या आत बघायचं: कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असेल तर ती नवी, आत धूळ, जुना रंग किंवा कोळिष्टक असेल तर जुनी. जुन्या भेगा तुम्ही एकेक करून यादीतून खोडल्यात. शेवटी सही खोट्या शपथेच्या शिक्षेची जबाबदारी घेऊन करायची असते, आणि एक फुगवलेली ओळ बाकीच्या खऱ्या ओळींवरही संशय आणते.

फोटो तीन अंतरांवरून: पूर्ण भिंत, हातभर अंतर, आणि मोजपट्टी लावून अगदी जवळून. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारखेची नोंद पुसली जाते. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर निम्मे पुरावे वाया गेले असते. दुरुस्तीचा अंदाजही एकरकमी नको. चिमणी, विटा, प्लास्टर, मजुरी वेगवेगळी. विमा कंपनीने आधी काही दिलं असेल तर तेही लिहायचं.

गोव्यात राहणाऱ्या मालकांची गाडी मालकीच्या कागदांवर अडते. या खटल्यांतल्या बहुतेक समझोत्यांत भूकंपाच्या दिवशी घर कुणाच्या नावावर होतं ते बघतात, आज कुणाच्या नावावर आहे ते नाही. आपल्याकडे नवरा-बायको दोघांची सही गृहीत धरतात. तिथे खरेदीखतावरची नावं बघायची. मुखत्यारपत्र नोटरी करून, राज्य सरकारचा शिक्का घेऊन मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं प्रमाणपत्र. यात आठवडे जातात, म्हणून समझोत्याची नोटीस हातात पडताच हेच काम आधी.

नोटिशीत रस्ते असतात: दावा भरा, समझोत्यातून बाहेर पडा, किंवा आत राहून आक्षेप नोंदवा. गप्प बसलात तर पैसेही नाहीत आणि त्या कारणासाठी वेगळा खटलाही नाही. रकमेचा हिशोब तुम्ही पाटीवर मांडल्यासारखा समजावलात. समजा निधी 10 लाख डॉलर, त्यातून वकिलांची फी आणि खर्च 4 लाख. उरले 6 लाख. मंजूर दावे 24 लाखांचे झाले तर डॉलरमागे 25 सेंट. कोर्टाची अंतिम मंजुरी आणि अपिलाची मुदत जाईपर्यंत तेही हातात नाहीत. हे आधी कळल्यामुळे कुणी त्या पैशांवर कर्ज काढलं नाही.

चेकची मुदत चेकवरच छापलेली असते, आणि इथल्या बँकेत तो वटायला वेळ लागतो. म्हणून शक्य तिथे तिकडच्याच खात्याचा नंबर दिलाय, तुम्ही सुचवल्याप्रमाणे. त्रुटीचं पत्र आलं तर पहिला फोन तुम्हालाच करू.

तुमचे ऋणी,
म्हापशाची मंडळी