गायमुखच्या नाखव्यांना, आठवीच्या वर्गाकडून

नमस्कार नाखवा,

सहलीहून परतल्यावर गडबडीत तुमचे आभार मानले, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. तुम्ही आमच्या मुलांसाठी काय केलंत ते ठाण्यातल्या इतर शिक्षकांना आणि पालकांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ठाण्यातल्या गायमुखहून होडीने खाडीतून वसईपर्यंत जायचं, वाटेत शेतं-वाड्या बघायच्या आणि संध्याकाळी परतायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मोठ्या बोटींचं भाडं आमच्या शाळेतल्या पालकांना झेपणारं नव्हतं. तुम्ही डिझेलपुरते पैसे घेतलेत आणि लाइफ जॅकेटं स्वतः जमवलीत. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, शाळेने ठरवलेली पौर्णिमेची तारीख ऐकताच तुम्ही मान हलवलीत. "बाई, त्या दिवशी सकाळभर पाणी आपल्या अंगावर येणार. नवमीला चला." आणि मग तो हिशेब सांगितलात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. नवमी म्हणजे नऊ, त्याचे पावणेसात. खाडीत आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ, म्हणून आठला निघायचं. ओहोटीबरोबर वसईकडे उतरायचं आणि दुपारच्या भरतीबरोबर घरी यायचं. शिवाय नवमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ कमी, मुलांना त्रास नाही.

भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. तुमच्या हिशेबात दर तिथीला ४५ मिनिटं येतात. मुलांनी दोन्ही आकडे शेजारी मांडले तेव्हा वर्गात जो गलका झाला, तसा माझ्या तासाला क्वचितच होतो.

होडी सुटण्याआधी तुम्ही प्रत्येकाच्या जॅकेटचा पट्टा ओढून पाहिलात, माझ्याही. मग एका बाजूला नागल्याचं जंगल, दुसऱ्या बाजूला तिवरांची भिंत, आणि मध्ये आम्ही. उल्हास नदी ठाण्याजवळ दुभंगते, एक फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो आणि दुसरा वसईकडे जातो, म्हणून ठाणे ज्यावर वसलं आहे ते साष्टी हे बेट आहे, हे मुलांना पाठ होतं. पण "म्हणजे आपण बेटावर राहतो?" हा प्रश्न पहिल्यांदा तुमच्या होडीत आला. तुम्ही इंजिन मंद करून तिवराचं पान तोडून दिलंत आणि म्हणालात, मागची बाजू चाटून बघा. झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे बाहेर टाकतं, हे त्यांनी जिभेने शिकून घेतलं. एरवी वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा त्यानंतर दिवसभर तुम्हाला प्रश्न विचारत तुमच्या शेजारीच बसला होता. त्याला तुम्ही एकदाही "गप बस" म्हणाला नाहीत. त्यासाठी तुमचे वेगळे आभार.

घोडबंदरचा किल्ला, मग भाईंदर-नायगावचे रेल्वेपूल, वरून धडधडत जाणारी लोकल आणि खाली पाणजू बेट. पाणी उतरत होतं, चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. तिथल्या लोकांची ये-जा आजही होडीवर चालते, हे पाहून मुलं गप्प झाली. पुढे खाडीकाठच्या शेतात तुम्ही बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं झापेचं दार, दाखवलीत. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरती आली की तिच्याच दाबाने झाप मिटते. ना मोटर, ना वीज. खाऱ्या पाण्याला अडवण्यासाठी खाऱ्या पाण्याचाच जोर वापरायचा! मी भूगोलाची शिक्षिका, पण ही गोष्ट प्रत्यक्ष काम करताना मी प्रथमच पाहिली.

वसईचा किल्ला दिसताच मुलांनी "चिमाजी अप्पा, १७३९" असा घोष केला. तो भाग मी सोडते, कारण माझं मन तुमच्या मित्रांच्या वाडीतच अडकलं आहे. केळी, विड्याचे वेल, तगर, सोनचाफा आणि मधोमध ते बावखल, म्हणजे वाडीतलं तळं. समुद्र इतका जवळ असून विहिरीचं पाणी गोड कसं, हे तिथल्या आजींनी समजावलं. पावसाचं पाणी बावखलात साठतं, हळूहळू मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याला पुढे सरकू देत नाही. जवळचं एक बावखल भराव टाकून बुजवलं आणि तिथल्या विहिरी मचूळ झाल्या, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. तो राग मुलांनी ऐकायलाच हवा होता. राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी त्यांनी सगळ्यांच्या हातावर ठेवली. त्यांनाही आमचा नमस्कार कळवा.

खाडी आणि वाडी हे आमच्या पुस्तकात दोन वेगळे धडे आहेत. तुम्ही ते एका दिवसात एकमेकांना जोडून दाखवलेत. गोडं पाणी कुठे सांभाळायचं, खारं कुठे थोपवायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, यावर ही सगळी वस्ती उभी आहे, हे माझ्या मुलांना आता कुणी वेगळं सांगायची गरज नाही.

मुलांनी गायमुख ते वसई असा खाडीचा नकाशा काढला आहे. तुम्ही वाटेत सांगितलेली वळणांची आणि खडकांची नावं त्यात आठवून लिहिली आहेत, पण काहींबद्दल त्यांच्यात वाद आहे. येत्या अष्टमीला, तुमची होडी धक्क्यावर असेल तेव्हा, दोघं-तिघं तो घेऊन येतील. लाल पेनाने दुरुस्त करून द्या.

आपली,
आठवीची भूगोलाची बाई, ठाणे