फ्यूज बदलून मीटर परत हातात देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

परवा निकाल लागला. प्रॅक्टिकलला चांगले गुण पडले. सगळ्यांचे फोन येऊन गेले आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्यांनाच सांगायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण लॅबमधल्या काकांचं नाव कुणाच्याच जर्नलवर नसतं.

माझा प्रश्न साधा होता. बल्बवर लिहिलेलं असतं १२ व्होल्ट, २४ वॅट. वॅटला व्होल्टने भागलं की करंट २ अँपिअर. १२ ला त्या २ ने भागलं की रोध ६ ओहम. मग तोच बल्ब न पेटवता मल्टिमीटरला (व्होल्टेज, करंट, रोध मोजणाऱ्या मीटरला) लावला तर जेमतेम अर्धा ओहम का दाखवतो? हे मी तीन जणांना विचारलं. एकांनी त्रिकोण काढून दिला, वर व्ही म्हणजे व्होल्टेज, खाली आय म्हणजे करंट आणि आर म्हणजे रोध, हवं ते बोटाने झाक आणि उत्तर लिही. दुसरे म्हणाले, मीटर बिघडला असेल. तिसऱ्यांनी 'परीक्षेला येत नाही ते विचारू नकोस' असं सगळ्या वर्गासमोर ऐकवलं. माझ्याकडून एकदा जोडणी चुकली तेव्हा त्यांनीच मीटर माझ्या हातातून काढून शेजारच्या मुलाला दिला होता. त्यानंतरचं सगळं सत्र मी आकडे लिहून घेतले. आकडे कुणीतरी लिहायचेच असतात, पण दर वेळी मीच का, हे विचारायचा धीर झाला नाही. ते अजून सलतं.

त्या दुपारी तुम्ही स्टुलं आवरत होतात. मी भीतभीत विचारलं, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "पेटलेला असताना मोजलास का?" आणि बॅटरी पुढे ओढलीत.

मोजायला घेतला आणि माझी चूक झालीच. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब, म्हणजे मीटरची लाल तार, १० अँपिअरच्याच भोकात राहिला आणि तसाच मी व्होल्टेज बघायला बॅटरीच्या दोन टोकांना लावला. करंट मोजताना मीटर म्हणजे जवळपास नुसती तार, हे पाठ होतं. हाताला ठाऊक नव्हतं. ठिणगी उडाली, मीटर गप्प. मी दोन्ही हात मागे घेतले आणि बोलणी खायला उभी राहिले.

तुम्ही मीटर उलटा केलात, स्क्रू काढलेत, शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढलीत. पुडीत फ्यूज होता. जुना काढून माझ्या तळहातावर ठेवलात, म्हणालात, "याचं कामच हे. बॅटरी वाचली, मीटर वाचला, तू वाचलीस." मग झाकण बसवलंत, आणि मीटर बाकावर ठेवला नाहीत. माझ्या हातात दिलात. "लाल प्रोब कुठे आहे ते बघ. आणि पुन्हा लाव."

काका, तेवढंच. तुमचा हात पुढे आला तेव्हा मला आधी कळलंच नाही की तो मीटर मला द्यायला आला आहे. माझे हात इतके थरथरत होते की प्रोब टोकावर टिकेना, आणि तुम्ही तो धरायला पुढे झाला नाहीत. खिडकीबाहेर बघत थांबलात.

मग आकडे आले. १२ व्होल्टला २ अँपिअर, म्हणजे ६ ओहम आणि २४ वॅट. व्होल्टेज निम्मं केलं, ६ व्होल्ट. मी म्हटलं, १ अँपिअर येणार. आला १.४. भागाकार ४.३ ओहम, गुणाकार ८.४ वॅट. बल्ब मंद, तार कमी तापलेली, म्हणून रोधही कमी. बल्बमधली तार टंगस्टन धातूची, तो तापला की त्याचा रोध दहा-बारा पटीने वाढतो, म्हणून थंड बल्ब अर्धा ओहम दाखवतो आणि पेटलेला सहा. मीटरही खरा होता, माझं गणितही खरं होतं. आणि बल्ब बहुतेकदा बटण दाबताक्षणीच का जातो, हेही त्याच ओघात उलगडलं. त्या पहिल्या क्षणी १२ व्होल्टच्या वाटेत फक्त अर्धा ओहम असतो, म्हणजे २४ अँपिअरची धडक.

ज्याच्या नावावरून रोधाचं एकक आलं त्या जर्मन ओहमने व्होल्टेज, करंट आणि रोध यांना जोडणारा आपला नियम १८२७ साली छापला तेव्हा तो शाळेत शिकवणारा माणूस होता. त्याच्याच देशात त्या कामाचं फारसं स्वागत झालं नाही, रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळायला १८४१ साल उजाडलं. हे वाचलं तेव्हा मला तुम्ही आठवलात. ज्याला खरोखर कळलेलं असतं तो दुसऱ्याच्या प्रश्नाला घाबरत नाही, आणि चुकलेल्याच्या हातातलं काम काढून घेत नाही. अशी माणसं थोडी का होईना भेटतात, म्हणून माझ्यासारख्या मुली लॅबमध्ये टिकतात.

जाताना तुम्ही विचारलं होतंत, "मग हीटरच्या तारेचं काय होत असेल?" उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी मोजलं, काका. हीटरमध्ये वापरतात त्या नायक्रोम मिश्रधातूच्या तारेची छोटी गुंडाळी, थंड असताना ४ ओहम. १२ व्होल्टवर लालभडक झाली तेव्हा करंट २.९ अँपिअर, म्हणजे जवळपास ४.१ ओहम आणि ३५ वॅट. ती फारशी बदलत नाही. प्रोबच्या तारांचा रोध वजा केला होता, आणि व्होल्टेज मोजण्याआधी लाल प्रोब जागेवर आहे का ते बघितलं होतं.