मावशी, तुम्ही माझा प्रश्न दुरुस्त केलात

मावशी,

हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. नाव घालत नाही. "नाव-गाव छापू नकोस" असं तुम्हीच बजावलं होतं.

समाजशास्त्राच्या एम.ए.साठी मी पुण्यातल्या कचरावेचक बायकांचा सर्व्हे करत होते. फॉर्मवर प्रश्न होता, 'मासिक उत्पन्न किती?' उत्तर जाईन तिथे एकच: "असतील तीनेक हजार." मला वाटायचं, बायका खरं सांगायला कचरतात. तुम्ही पोतं उपडं करता करता म्हणालात, "महिना कुणी मोजलाय, पोरी? काल काय विकलं ते विचार."

आणि बोटांवर सुरू झालात. पुठ्ठा किती किलो, काच किती, पत्रा किती. प्रत्येकाचा भाव निराळा. पुठ्ठा भिजला की दुकानदार वजन कापतो, काटा मारतो ते वेगळंच. वर सणाला घेतलेली उचल त्याच दुकानात वळती होते. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' हे तुमच्या 1993 सालच्या संघटनेचं नाव मी कितीदा वाचलं असेल! ती तुमच्या पोत्यातल्या मालाची यादी आहे, हे त्या दुपारी डोक्यात शिरलं.

मग फॉर्म तुमच्या क्रमाने नव्याने केला: कालचा माल, वजन, भाव, उचल किती कापली, हातात काय आलं. बायका धडाधड बोलायला लागल्या. उचलीचा रकाना माझ्या जुन्या फॉर्मात नव्हताच. (गाइडना हे सांगताना मी जरा खालीच बघत होते.)

तुमच्या संघटनेला हे नवं नाही. कचरावेचकांमुळे महापालिकेचा किती खर्च वाचतो, याचा रीतसर अभ्यास करून तिने हिशोब पुढे ठेवला आणि महापालिकेला आरोग्य विम्याचा हप्ता भरायला लावला. पुढे 2008 मध्ये 'स्वच्छ' संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा करायचं कामही मिळवलं. माझा प्रबंध त्यापुढे किरकोळ आहे, पण त्यातलं उत्पन्नाचं प्रकरण तुमच्यामुळे उभं राहिलं. त्याबद्दल मनापासून आभार.

जुन्या फॉर्मचा उरलेला कोरा गठ्ठा तुमच्याकडे ठेवून आले होते. भरलेले दिले नाहीत, त्यात लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत. दुकानदाराने पांढऱ्या कागदाचा भाव दिला, की छापील म्हणून कमी केला? पुढच्या खेपेला सांगा.

तुमची,
फॉर्मवाली पोरगी