पटकथा येतात, वाचतो कोण?

मराठीत चांगल्या पटकथाच येत नाहीत, ही निर्मात्यांची तक्रार मांडणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. पटकथा येतात, वाचल्या जात नाहीत. नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसने ८०० किलोमीटरहून अधिक अंतर कापून मुंबई गाठावी, तर ‘दोन मिनिटांत गोष्ट सांगा’ असे फर्मान निघते, तेही समोरच्याचा फोन कानाला असताना! तिथे तोंडी सांगितलेले बेवारसच. १९५७ चा कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला नव्हे, तिच्या लिहून काढलेल्या मांडणीला संरक्षण देतो. म्हणून निर्मात्यांनी लेखी संहिता ईमेलने मागवावी, पोच द्यावी आणि ठरलेल्या मुदतीत होकार-नकार कळवावा. नकाराचे दुःख नाही. माझी एक संहिता तीन वर्षे ‘वाचून सांगतो’वरच अडकली आहे.

– एक पटकथालेखक, नागपूर